भासऱ्यांसमोर माऊस

दुपारी दोन ते तीन मी माणसं मारत असे. रोज चाळीस-पन्नास तरी पडायची. मग उठून हात धुवायची आणि संध्याकाळची भाजी निवडायला घ्यायची. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत मला गरीब गाय म्हणतात. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तर मी मान खाली घालून वाटी भरून देते, आणि तिच्याशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली की माझे कान गरम होतात. समोरच्या खोलीत ही गाय काय करते, हे तिला ठाऊक असतं तर तिनं साखर दुसरीकडून नेली असती.

कॉम्प्युटर पोरीचा. ती अमरावतीला इंजिनिअरिंगला होती, होस्टेलवर राहायची. तिनं शिकवण्या घेऊन लॅपटॉप घेतला आणि जुना डबा आमच्याकडे आला. हे तो अमरावतीहून एस.टी.नं घेऊन आले. डबा पायाशी आणि पडदा माझ्या गोधडीत गुंडाळून मांडीवर. मूर्तिजापूरला खड्ड्यात बस आपटली तेव्हा यांनी तो दोन्ही हातांनी कवटाळला, असं यांनीच सांगितलं. लग्न होऊन मी याच माणसासोबत एस.टी.तून आले होते. तेव्हा एवढे खड्डे नसावेत.

हे शेतीच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर होते. ती वर्षंच तशी होती. दरवर्षी नवं बियाणं यायचं, त्यावर नवी अळी यायची आणि अळीवर नवं औषध यायचं. शेती सोडून बाकी सगळं जोरात चाललं होतं. आमचं कापसाचं वावर तेल्हाऱ्याकडे, ते यांचे मोठे भाऊ पाहायचे. गावात गाड्या भरभरून साहेब यायचे, झाडाशेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि झाडापेक्षा जास्त वाळलेलं तोंड करून परत जायचे.

तर खेळ. दिवाळीच्या सुट्टीत पोरीनं तो मला दाखवला. पडदाभर पडक्या भिंती, आणि भिंतीआडून माणसं येतात. डाव्या हाताखालच्या बटणांनी चालायचं, उजव्या हातातल्या माऊसनं बघायचं आणि मारायचं. मी चौथीपर्यंत शिकले, कारण पाचवी दुसऱ्या गावात होती आणि त्या गावाच्या वाटेवर ओढा होता. मुलांना तो ओलांडता यायचा. पडद्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. पण गोळी लागलेला माणूस पडतो, हे कळायला पाचवी लागत नाही. पहिल्या दिवशी मी सारखी मेले. चौथ्या दिवशी एकाला पाडलं. पोरगी हसून म्हणाली, "आई, तू तं लय डेंजर हायेस." मला आजवर कोणी असं काही म्हटलं नव्हतं. ती अमरावतीला गेली आणि मी खेळत राहिले. हे दुकानात गेले, धुणंभांडी झाली, की दोन ते तीन माझे.

अडचण एकच होती, हाताची.

माऊस मी जात्याच्या खुंट्यासारखा धरायची, सगळी मूठ वळून वरून दाबून. तो फिरवायचा असतो एवढं कळलं होतं, म्हणून फिरवायची. टेबलाच्या कडेला आला की तो उचलून परत मध्ये ठेवायचा असतो, हे मला दीड महिना माहीतच नव्हतं. मी टेबल सरकवायची. महिन्याभरात मनगट दुखायला लागलं. मग अंगठ्याचं मूळ आणि मग कोपरापर्यंत कळ. आंबेहळद उगाळून लावायची. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही असं म्हणता येणार नाही. भाकरीला हळदीचा वास कसा काय येऊन राहिला, असं यांनी दोनदा विचारलं. हात दुखतो, एवढं मी सांगितलं.

फोनवर पोरीला सांगितलं तेव्हा तिनं मला शिकवणी दिली. माऊस धरायचे तीन प्रकार असतात म्हणाली. एक, सगळा तळहात त्यावर टेकवायचा. दोन, तळहाताचा मागचा भाग टेकवून बोटं मांजरीच्या पंज्यासारखी वाकवायची. तीन, नुसत्या बोटांच्या टोकांनी धरायचा, तळहात वर हवेत. ज्याला जो सोयीचा वाटेल तो त्यानं निवडायचा.

'सोयीचा' आणि 'निवडायचा' हे दोन शब्द मी तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले. साडीच्या दुकानात आजवर दुकानदार यांना साड्या दाखवायचा, हे मान हलवायचे आणि मी नेसायची. भाजी मी निवडते, पण कोणती आणायची ते हे ठरवतात. आता वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हात कसा ठेवू हे मला कोणी विचारत होतं, आणि तेही माझी सोय पाहून.

मी तिन्ही प्रकार आठवडा-आठवडा करून पाहिले. तळहात टेकवला तर बोटं बटणांपर्यंत पोचेनात. तो माऊस ज्यानं केला त्यानं पुरुषाचा हात मोजून केला असणार आणि बायका भाकरीच थापतील असं गृहीत धरलं असणार. बोटं वाकवली तर जळकी कढई घासल्यासारखी आखडायची. टोकांनी धरला तर निसटेल या भीतीनं मी तो इतका घट्ट चिमटायची की नखं पांढरी पडायची. वर टेबलही उंच. दुकानातलं मोडीत काढलेलं काउंटर होतं ते. कोपर खांद्याच्या रेषेत लटकायचं. खुर्चीवर उशी ठेवून बसले तर पाय लटकायचे.

याच सुमाराला भासरे आले. भासरे म्हणजे यांचे मोठे भाऊ. गावात बैलगाडीवरून पडून त्यांचा पाय मोडला. अकोल्याच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी दीड महिना जवळच राहायला सांगितलं. त्यांचा मुलगा आणि सून तेल्हाऱ्यालाच राहिले. त्या वर्षी अळीनं सगळं खाल्लं होतं, वेचायला काही नव्हतं, त्यामुळे भासऱ्यांना लवकर परत बोलवायची घाईही कोणाला नव्हती. समोरच्या खोलीत त्यांची खाट टाकली. कॉम्प्युटरही त्याच खोलीत.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही. पदर कपाळापर्यंत. खुर्ची, खाट, बाज, काहीही उंच असेल त्यावर बसायचं नाही. त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही आणि तिच्याकडे पाहायचं नाही. बावीस वर्षं आम्ही हे इतकं चोख पाळलं होतं की त्यांचा आवाज मला फक्त दुसऱ्याशी बोलतानाच ठाऊक होता. गावात त्यांना पाणी हवं असलं की ते गोठ्यातल्या बैलाला सांगायचे, "तहान लागली बा." मी पाणी ठेवून जायची. अकोल्यात बैल नव्हता, म्हणून ते पंख्याला सांगू लागले. पंखा दिवसातून सहा तास बंद असायचा. पण ऐकायला त्याला वीज लागत नव्हती.

खुर्चीवर बसणं संपलं, म्हणजे खेळ संपला. आठ दिवस मी माऊसला हात लावला नाही. हाताला चांगला आराम मिळायला हवा होता. पण आता एका माणसाचा स्वयंपाक वाढला, प्लास्टरवाल्याचे कपडे वाढले, बादल्या वाढल्या. मनगटाची कळ वाढत गेली. यावरून काही निष्कर्ष काढावा असं कोणाला वाटलं नाही, कारण कळ वाढली हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊकच नव्हतं.

दुपारी दोन वाजले की मी स्वयंपाकघरात बसून भिंतीकडे बघायची. मला तिच्याआडून कोणीतरी येईल असं वाटायचं.

नवव्या दिवशी एक गोष्ट डोक्यात आली. खुर्चीवर बसायचं नाही असं आहे, कॉम्प्युटरसमोर बसायचं नाही असं कोणी म्हटलेलं नाही. रीत घातली तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. भासरे घोरत होते. मी देव फळीवर ठेवले आणि पूजेचा चौरंग समोरच्या खोलीत आणून भिंतीशी लावला. पडदा चौरंगावर. जेवायचा पाट पुढं ओढला, त्यावर बटणांची पाटी आणि माऊस. डबा खालीच होता. मी मांडी घालून बसले, खाटेकडे पाठ करून. पदर कपाळापर्यंत, आणि दोन्ही हात कामात असल्यामुळे पदराचं टोक दातात. आवाज बंद केला. रीत शंभर टक्के पाळून मी पहिल्या माणसाला गोळी घातली.

आणि काय सांगावं, हात टेकला. पाट मांडीच्या उंचीचा. कोपर माझ्या कमरेशी, मनगट सरळ, खांदा जागेवर. आयुष्यभर मी भाकरी, दळण, निवडण सगळं याच उंचीवर केलं, आणि खेळायला मात्र शहाण्यासारखी टेबलावर चढले होते.

पण पकड तशीच होती. निसटेल म्हणून मी बोटांनी चिमटत होते.

दुसऱ्या दिवशी भासरे जागे होते. मला ते मागाहून कळलं, घोरणं थांबलंय हे ध्यानात आल्यावर. उठावं तर पाटावरचं सगळं उघडं पडलेलं. मी तशीच बसून राहिले. ते खाकरले. प्लास्टरमुळे कूस बदलता येत नव्हती, त्यामुळे त्यांना माझी पाठ आणि पडदा यांच्याशिवाय बघायला काही नव्हतं. रीतीप्रमाणे त्यांनी माझ्याकडे पाहायचं नव्हतं. मग उरला पडदा.

तिसऱ्या दिवशी ते पंख्याला म्हणाले, "डाव्या भितीमांग एक जन लपून राह्यला."

मी पाहिलं. खरंच होता. मारला.

माझे कान इतके गरम झाले की पदर पेटेल असं वाटलं. पण त्या दिवसापासून पंखा रोज बातम्या ऐकू लागला. वर माडीवर कोणी तरी दिसते. हा मेला नाही, सोंग करून राह्यला. पोरगं पयते कुठी, वळ, वळ. मी वळायची. दोघंही पंख्याशी बोलत होतो असं म्हणायला हरकत नाही, फक्त माझ्या बाजूनं बोलणं नव्हतं, नुसतं वळणं होतं.

एके दुपारी हाताला जोराची कळ आली आणि माऊस माझ्या हातून उडाला. मी मनगट दाबत बसले. खेळातला माझा माणूस भिंतीशी उभा राहून मेला. मग पंख्याला सांगितलं गेलं, "कापूस वेचतानी बोंड कोनी मुठीत धरते काय? नख्या टोचते ना. असं वेचलं असतं तं आमी दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं."

मी आठव्या वर्षापासून कापूस वेचत आले. कापसाचं बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून टणक होतात, टोकाला सुईसारख्या. त्यांना नख्या म्हणतात. त्यामुळे वेचणारीचा तळहात बोंडाला लागतच नाही. पाच बोटांची टोकं कापसात जातात, हलकेच जवळ येतात आणि कापूस आपणहून सुटतो. जोर लावला तर कापूस तुटतो, कचरा सोबत येतो आणि बोट फुटतं. नवी वेचणारी बाई लगेच ओळखू येते, तिच्या बोटांना रक्त असतं. मी कधी रक्त काढलं नव्हतं. दिवसभर वेचून माझे पाय गेले, कंबर गेली, पण बोटं कधी दुखली नव्हती.

मी माऊसकडे पाहिलं. मग त्याला नख्या आहेत असं समजून हात वर नेला आणि बोटांची टोकं खाली सोडली. तळहात पोकळ. तो निसटला नाही. कापूसही निसटत नव्हताच कधी. मनगट पाटावर नुसतं टेकलेलं, आणि माऊस बोटांसोबत थोडासा इकडे, थोडासा तिकडे. कडेला आला की उचलून मध्ये. पोरीनं फोनवर सांगितलेला तिसरा प्रकार तो हाच. तिला इंटरनेटवर सापडला होता. तिच्या आईला तो पस्तीस वर्षं येत होता, पण आईनं जाऊन जात्याचा खुंटा धरला.

पंधरा दिवसांत कळ गेली. आंबेहळद बंद झाली. यांनी भाकरीच्या वासाबद्दल विचारणंही बंद केलं. त्यांनी माझी तब्येत एवढीच काय ती तपासली.

मग प्लास्टर काढायचा दिवस आला. भासऱ्यांना रिक्षातून दवाखान्यात न्यायला हे आणि मी दोघं गेलो. मी कशाला, तर पाय उचलायला. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं, काठी घेऊन चाला म्हणाले. आणि तेवढ्यात यांना आठवलं की हिचा हात दुखतो. तीन महिन्यांनी आठवलं, पण आठवलं. बहुतेक एकाच फीमध्ये दोन माणसं दाखवता येतील हेही आठवलं असावं.

डॉक्टरांनी माझं मनगट दाबून पाहिलं. काम काय करता, म्हणून मला विचारलं. मी मान खाली घातली, कारण मागं भासरे उभे होते. यांनी सांगितलं, "काई नाई जी, घरीच अस्ते." डॉक्टर म्हणाले, हाताला थोडा आराम द्या. हात बरा आहे हे सांगायला माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही.

घरी येऊन भासरे खाटेवर टेकले, हे खुर्चीवर बसले, मी दाराच्या चौकटीशी खाली. आणि यांनी निकाल दिला. हात कॉम्प्युटरमुळे दुखतो. दुकानात मालकाला बिलांसाठी एक कॉम्प्युटर हवाच आहे, उद्या हातगाडी आणून नेऊन टाकतो. डॉक्टरांचंच म्हणणं आहे, आराम द्या.

मी मनात हिशेब केला. तीस वर्षं पाणी शेंदलं, जातं ओढलं, कापूस वेचला, धुणं आपटलं. आताही दिवसाला दोन वेळची भांडी, वीसेक भाकऱ्या आणि चार बादल्या. आणि रोज एक तास माऊस, तोही बोटांच्या टोकांनी. त्यातून हात दुखवणारी नेमकी वस्तू यांनी शोधून काढली. भांडी दुकानात नेऊन टाकायचं काही निघालं नाही.

हे भावाकडे वळून म्हणाले, "नाही तरी तुमालेबी अडचनच होते न दादा. दिवसभर टकटक. तुमीच सांगा."

ते सांगणार, आणि मोठ्या भावाचा शब्द यांनी कधी मोडलेला नव्हता. ते हो म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी परत स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे पाहत बसले असते, आणि तशीच पुढची वर्षं. भासऱ्यांनी पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता पंख्याला काहीतरी सांगतील, आणि त्यातून काय समजायचं ते आम्ही समजून घेऊ. पण ते काही बोलेनात. तेव्हा मी बोलले. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो बारीक निघाला.

"हात कवाचाच दुखत नाही. कॉम्प्युटर कुठी जात नाही."

हे माझ्याकडे पाहत राहिले. अवं, म्हणाले. बावीस वर्षांत मी भासऱ्यांसमोर तोंड उघडलं होतं, ते खेळण्यासाठी. मी चौकट धरून बसले होते. आता उठून आत जावं की जमिनीत जावं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

यांनी पुन्हा भावाला विचारलं, "दादा?"

भासरे म्हणाले, "मले काय विचारतं? तिचं सांगून झालं न."

आणि काठी घेऊन, नव्या पायानं चालून पाहायला, बाहेरच्या ओट्यावर गेले.

हातगाडी आली नाही. त्या रात्री जेवताना यांनी मीठ मागितलं, जे त्यांच्या ताटातच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोठ्यानं सुनावलं की देवांना किती दिवस फळीवर बसवायचं, घरात काही धरबंध राहिला नाही. पडदा खाली उतरवून त्यांनी चौरंग उचलून नेला, त्यावर देव मांडले आणि दुकानात निघून गेले. मी पडद्याकडे पाहत उभी राहिले. जमिनीवर ठेवून खेळायचं तर मान मोडली असती. म्हणजे कॉम्प्युटर नेला नाही आणि ठेवलाही नाही. असं करायला डोकं लागतं.

पण दीड वाजता हे मध्येच घरी आले, जे ते कधी येत नाहीत. खांद्यावर दुकानातला एक लाकडी खोका होता, औषधाच्या बाटल्या येतात तो. त्यांनी तो भिंतीशी उलटा ठेवला, हलवून पाहिला, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला आणि पाणीसुद्धा न पिता परत गेले. खोक्याच्या चारही बाजूंना कवटी आणि दोन हाडं छापलेली होती.

मी पडदा त्यावर चढवला आणि खाली बसले. खोका चौरंगापेक्षा चार बोटं उंच होता, त्यामुळे मान आणखी सरळ राहिली. हे मी यांना सांगितलेलं नाही.